आवक क्रमांक १४७

"खिळा एवढ्यात ठोकू नकोस," प्रोफेसर एकवाल म्हणाले, आणि माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण टेबलाच्या खणात ठेवून त्यांनी खणाला कुलूप लावलं.

मी त्या कुलपाकडेच बघत राहिले. त्या गणित विभागात चार वर्षं काढली होती, पण कुणी कशाला कुलूप लावताना पाहिलं नव्हतं. लोक पाकिटं टेबलावर टाकून जेवायला जायचे.

"का, सर?"

"मला थोडा वेळ हवा आहे."

"किती?"

"ते मलाच माहीत नाही."

ही १९९४ च्या जानेवारीतली गोष्ट. गाव उत्तर स्वीडनमधलं. तिकडे पीएच.डी.ची जाहीर परीक्षा व्हायच्या तीन आठवडे आधी छापलेला प्रबंध एका लाकडी फळ्यावर ठोकतात. खराखुरा हातोडा, खराखुरा खिळा. त्यानंतर तो कुणीही वाचावा आणि कुणीही त्यात चूक काढावी. खिळ्याशिवाय परीक्षा नाही आणि परीक्षेशिवाय पदवी नाही. माझा खिळा पंधरा फेब्रुवारीला ठरला होता. पुण्यातल्या एका संस्थेनं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण पदवी जूनअखेर हातात पडली तरच. नाहीतर जागा दुसऱ्याला आणि मी, सुमित्रा चिवटे, वय वर्षं तेहतीस, हात हलवत मिरजेला परत.

आमचे बाबा मिरजेच्या कोर्टात शिरस्तेदार होते. आयुष्यभर त्यांनी लोकांना खोटं बोलताना ऐकलं, त्यामुळे आमच्या घरात विश्वास ठेवणं हा आळशीपणा समजला जायचा. मुंबईच्या विमानतळावर बाकीच्यांचे वडील डोळे पुसत होते. बाबा म्हणाले, "जो कागद कुणाला देशील त्याची प्रत ठेव. प्रतीवर तारीख घाल. आणि समोरच्याची सही घे." मी शहाण्या मुलीसारखं ते सगळं पाळलं. माझ्या कच्च्या वह्यांच्या पानापानावरसुद्धा तारीख असायची.

प्रोफेसर रागनार एकवाल माझे गाईड. उंच, थोडे वाकलेले, कोपरावर रफू केलेला तोच तो करडा स्वेटर. तिकडे प्रोफेसरांना सगळे नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून 'रागनार' कधी निघालं नाही, आणि दर सहा महिन्यांनी आठवण करून देऊन ते बिचारे दमले. बोलणं मोजकं. तुमचं गणित त्यांना आवडलं तर 'हं' म्हणायचे, नाही आवडलं तरी 'हं'च.

१९५७ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी एक प्रमेय सिद्ध केलं होतं. एका विशिष्ट जातीच्या समीकरणांना उत्तर असतंच असतं, असं ते सांगतं. आम्ही सगळे ते पुस्तकात 'एकवालचं प्रमेय' म्हणून शिकलो होतो. त्याच्या जोरावर बत्तिसाव्या वर्षी ते प्रोफेसर झाले, पुढे अकादमीचे सदस्य झाले, विभागाच्या जिन्यात त्यांचा फोटो लागला. नंतरची तीसेक वर्षं त्यांनी शिकवलं, परीक्षा घेतल्या, विद्यार्थी तयार केले. नवं म्हणावं असं काही केलं नाही. त्या जूनमध्ये ते निवृत्त होणार होते, आणि मेमध्ये त्यांचं निरोपाचं व्याख्यान होतं. परदेशातून माणसं यायची होती.

आणि माझं चौथं प्रकरण चांगलं होतं. ते मी आता सांगते असं नाही, तेव्हाही लोक म्हणायचे. अख्ख्या प्रबंधाचा जीव त्यात होता.

माझ्या खोलीत पाउला नावाची फिनलंडची मुलगी बसायची. फेब्रुवारीत एक दिवस ती म्हणाली, "रागनारच्या व्याख्यानाचा विषय लागलाय बाहेर. बघितलास?"

"काय आहे?"

"'काही नवे'. एवढंच."

"त्यांच्याकडे नवं कुठून आलं?"

पाउलानं खांदे उडवले. "तेच तर."

माझ्या मनात पाल चुकचुकली. आणि एकदा चुकचुकली की आमच्या घराण्यात ती गप्प बसत नाही.

मग मी लक्ष ठेवायला लागले. त्या विभागात सकाळी दहाला आणि दुपारी तीनला सगळ्यांनी मिळून कॉफी प्यायची पद्धत होती. ती चुकवणं म्हणजे आपल्याकडे घरच्या लग्नातून न जेवता निघून जाण्यासारखं. एकवाल यायचे बंद झाले. तीन वाजता, बाहेर अंधारून आलेलं असताना, ते तळघरातल्या ग्रंथालयात जाऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "काम आहे." चौसष्टाव्या वर्षी, निवृत्तीला चार महिने असताना, कसलं काम?

एकदा त्यांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ते फोनवर होते. माझं स्वीडिश बेताचं, पण आपलं नाव कुठल्याही भाषेत कळतं. "सुमित्राला अजून सांगितलेलं नाही," ते म्हणत होते. "हो, चौथं प्रकरण. मेअखेर जमेल का तुम्हाला?" मला पाहिलं आणि त्यांनी फोन आवरता घेतला.

"माझ्याबद्दल काही होतं का, सर?"

"होतं," ते म्हणाले. "पण अजून सांगण्यासारखं नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. "तुझ्या कच्च्या वह्या मला दे. चौथ्या प्रकरणाच्या. सगळ्या."

"कच्च्या कशाला? त्यात नुसत्या चुका आहेत."

"मला चुकाच हव्या आहेत."

मी मूळ वह्या दिल्या नाहीत. दोनशे बारा पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि ऑफिसातल्या ब्रित्ताबाईकडून पानापानावर विभागाचा शिक्का मारून घेतला. तिनं विचारलं, "हे कशासाठी?" मी म्हटलं, "आमच्याकडे पद्धत आहे." एकवालांनी तो गठ्ठा घेतला, अंगठ्यानं पानं चाळली, शिक्के बघितले.

"तुझ्याकडे सगळ्याची तारीख असते," ते म्हणाले.

"सवय आहे, सर."

"चांगली सवय आहे."

माझी मान ताठ झाली. म्हटलं, कळलं ना, बरं झालं.

पंधरा फेब्रुवारी आली आणि गेली. प्रबंधाच्या छापील प्रती माझ्या खोलीत पडून होत्या, कोपऱ्यात खिळ्यासाठी भोक पाडून तयार. पुण्याहून पत्र आलं: नक्की कधी? मी काय कळवणार? मला झोप लागेना, जेवण जाईना, आणि राग तर असा यायचा की जिन्यातला तो फोटो उतरवून आपटावा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सगळे कॉफीला आणि एकवाल तळघरात असताना, मी त्यांच्या खोलीत शिरले. किल्ली पेन्सिलींच्या डब्यात होती. कुलूप लावायची सवय नसलेला माणूस किल्ली दुसरीकडे कुठे ठेवणार? खण उघडला. वर माझं प्रकरण होतं आणि त्याखाली त्यांच्या बारीक अक्षरातला जाडजूड गठ्ठा. पहिल्याच पानावर माझं प्रमेय लिहिलेलं. शब्द न् शब्द माझा, फक्त स्वीडिशमध्ये. माझं नाव कुठे नव्हतं. खाली सिद्धता सुरू होत होती, आणि ती माझी नव्हती. वाट वेगळी होती.

मला सगळं लख्ख दिसलं. प्रमेय माझंच घ्यायचं, सिद्धता तेवढी बदलायची, म्हणजे कुणाला बोट ठेवता येणार नाही. आणि मेमध्ये पाहुण्यांसमोर उभं राहून सांगायचं, काही नवे. मी ते पहिलं पान काढलं, कॉपिअरवर त्याची प्रत केली आणि पान जागच्या जागी ठेवलं. पुढची पानं वाचली नाहीत. वाचायचं काय राहिलं होतं?

विभागप्रमुख लेनार्ट म्हणून गृहस्थ होते. मी त्यांच्यापुढे तक्रार ठेवली. बाबांच्या पद्धतीनं, मुद्दे क्रमांक घालून, तारखांसकट, सोबत प्रत जोडून. त्यांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"रागनारशी बोललीस का?"

"चोराला विचारून कुणी तक्रार करतं का?"

"सुमित्रा, एक समजून घे. हा कागद मी घेतला की त्याला नंबर द्यावा लागेल. सरकारी विद्यापीठ आहे. नंबर पडला की तो कुणालाही मागून वाचता येतो, अगदी रस्त्यावरच्या माणसाला. आणि तो परत घेता येत नाही. हा इथला कायदा आहे."

"मला नंबरच हवाय."

ब्रित्ताबाईनं रजिस्टर काढलं, माझ्याकडे न बघता शिक्का मारला. आवक क्रमांक १४७. मी लगेच बाबांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं त्यात एकच शब्द होता: शाब्बास.

त्यानंतर सगळं भराभर झालं. चौकशी होईपर्यंत एकवाल माझे गाईड राहिले नाहीत. निरोपाचं व्याख्यान रद्द झालं आणि 'काही नवे' या कागदावर तशी पट्टी लागली. मी कॉफीला गेले की टेबलावरचं बोलणं थांबायचं. पाउलासुद्धा कप घेऊन उठायला लागली. एकवालांना पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. तो आला तेव्हा लेनार्ट मला म्हणाले, "एकच वाक्य लिहिलंय त्यानं. बघायचंय?"

"नको," मी म्हटलं. चोराचं एक वाक्य वाचून मला काय मिळणार होतं?

अखेर लेनार्टनी परवानगी दिली, तुझ्या जबाबदारीवर खिळा ठोक म्हणून. एकोणीस एप्रिलला सकाळी दहाला मी हातोडा आणि प्रबंध घेऊन फळ्यापाशी गेले. सोबत कुणी आलं नाही. खरं तर तिकडे त्या दिवशी केक असतो, टाळ्या असतात. मी खिळा भोकात घातला आणि हातोडा उचलला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ठोकायच्या आधी हे दोन कागद वाच."

एकवाल होते. काखोटीला फोल्डर, हातात दोन पानं. मी हातोडा खाली ठेवला नाही.

"मला तुमच्याशी बोलायचं नाही, सर."

"बोलू नकोस. वाच."

वर लिहिलं होतं: माझं १९५७ चं प्रमेय चुकीचं आहे. खाली एक समीकरण. त्या जातीतलंच, साधं दिसणारं, आणि त्याला उत्तर नाही याची दीड पानाची सिद्धता. मी आधी त्यातली मेख शोधली. म्हटलं, हा आता काय नवा डाव? दुसऱ्यांदा वाचलं. डाव नव्हता. समीकरणाला उत्तर नव्हतंच. सदतीस वर्षं जगानं मानलेलं प्रमेय त्या दीड पानात मेलं होतं.

आणि मग मला माझंच एक पान आठवलं. माझ्या चौथ्या प्रकरणाच्या तिसऱ्या पानावर एक ओळ होती: 'एकवालच्या प्रमेयानुसार याला उत्तर असतेच.' पुढची सगळी पानं त्या ओळीवर उभी होती.

मी हातोडा खाली ठेवला.

"जानेवारीत तुझं तिसरं पान वाचताना लक्षात आलं," ते म्हणाले. "तू माझं प्रमेय अशा ठिकाणी वापरलंस, जिथे मी स्वतः कधी वापरलं नव्हतं. म्हणून मी पुन्हा तपासलं. सिद्धतेत एक जागा आहे, तिथे मी अठ्ठाविसाव्या वर्षी घाई केली होती."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. जून गेला असता. मला आधी बघायचं होतं की माझ्याशिवाय तुझं प्रमेय उभं राहतं का. वाटलं होतं दोन आठवडे लागतील. तेरा लागले."

त्यांनी फोल्डर पुढे केला. आत एकसष्ट पानं होती. तोच गठ्ठा.

"तुझ्या समीकरणांना उत्तर असतं. माझ्या सगळ्या समीकरणांना नसतं, पण तुझ्या समीकरणांना असतं. सहाव्या वहीत तू एक वाट सुरू करून सोडून दिली होतीस. एकोणीस ऑगस्टला. ती वाट पोचते. मी फक्त शेवटपर्यंत चाललो."

"आणि तो फोन?"

"तुझ्या परीक्षकांना. मेअखेर याल का म्हणून. येतायत ते."

"व्याख्यानात काय सांगणार होता?"

"हेच," त्यांनी त्या दोन पानांकडे बोट दाखवलं. "माझ्याकडे नवं असं एवढंच होतं."

मी रडले का? हो, तिथेच, फळ्यापाशी, बाईमाणसानं परक्या देशात रडू नये असं सगळं विसरून. त्यांना ते बघणं अवघड गेलं असावं. ते फळ्यावरचे जुने खिळे बघत राहिले.

"तू माझ्यावर संशय घेतलास," ते म्हणाले, "पण माझ्या प्रमेयावर घेतला नाहीस. गणितात हे उलट करायचं असतं."

"मी आत्ता जाऊन तक्रार खोटी होती म्हणून लिहून देते."

"आत्ता नको. लिहिलंस तर ते विचारतील, चौथं प्रकरण कुणी वाचवलं? मग चौकशी, मग जून जाईल. आधी पदवी घे. घरी जा. मग लिही."

"नक्की लिहीन, सर."

"हं," ते म्हणाले.

पंधरा दिवस रात्रीचा दिवस करून मी ती एकसष्ट पानं माझ्या अक्षरात, माझ्या इंग्रजीत उतरवली आणि प्रबंध नव्यानं छापून घेतला. आभाराच्या पानावर त्यांचं नाव घालते म्हटलं, तर नको म्हणाले. तक्रार करणारीनं आभार मानले तर लोकांना प्रश्न पडतील. सहा मेला आम्ही दोघं फळ्यापाशी उभे होतो. ते म्हणाले, "आधी तुझा, मग माझा." माझा प्रबंध मी ठोकला. शेजारी त्यांनी आपली दोन पानं ठोकली, एका घावात. पुढच्या तीन आठवड्यांत येणारे-जाणारे ती दोन पानंच वाचत होते. जिन्यातला फोटो त्यांनी स्वतः काढून घरी नेला. माझी परीक्षा झाली. परीक्षकांनी चौथ्या प्रकरणाची तोंडभरून स्तुती केली. शेवटच्या रांगेत एकवाल बसले होते, कोपरावर रफू केलेला तोच स्वेटर घालून.

जूनमध्ये मी पुण्याला रुजू झाले.

पहिल्या वर्षी लिहिलं नाही, कारण नोकरी कायम व्हायची होती. मग रीडरची मुलाखत होती. मग प्रोफेसरची. मग चौथ्या प्रकरणासाठी एक पारितोषिक मिळालं, आणि त्यानंतर लिहिणं आणखी अवघड झालं. दर डिसेंबरला त्यांचं कार्ड यायचं. वर तारीख, खाली सही, मध्ये 'यंदा बर्फ लवकर पडलं' असं काहीतरी. पत्राची आठवण त्यांनी एकदाही केली नाही. मीही उलट टपाली शुभेच्छा पाठवायची. बाबा गेले तेव्हा त्यांच्या कपाटात माझ्या तक्रारीची प्रत निघाली, व्यवस्थित दोरी बांधून ठेवलेली.

गेल्या वर्षी एकवाल गेले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. महिन्याभरानं एका एल्सा नावाच्या मुलीची ईमेल आली. ती त्या विभागाचा इतिहास लिहितेय. दप्तरात तिला आवक क्रमांक १४७ सापडला होता. तिनं लिहिलं होतं: 'प्रोफेसर एकवाल यांच्या कारकिर्दीचा शेवट असा झाला असं दिसतं. प्रमेय चुकीचं निघालं आणि विद्यार्थिनीचं काम चोरल्याची तक्रार झाली. ते निवृत्त झाल्यामुळे चौकशी तिथेच थांबली. तक्रारीवर त्यांचा एका वाक्याचा खुलासा आहे. आम्ही तो कबुलीजबाब समजतो. तुमचं म्हणणं काय?'

खाली स्कॅन जोडला होता. माझे मुद्दे, माझ्या तारखा, माझी ठसठशीत सही. आणि खाली, जे मी एकोणतीस वर्षं बघितलं नव्हतं, ते त्यांच्या बारीक अक्षरात: 'तक्रारीत दिलेल्या सर्व तारखा बरोबर आहेत. रागनार एकवाल.'

खोटं त्यांना लिहायचं नव्हतं. आणि खरं लिहिलं असतं तर माझा जून गेला असता. मग जेवढं खरं मला न दुखवता लिहिता येत होतं, तेवढंच त्यांनी लिहिलं.

मी मग कागद घेतला. ईमेल नको, कागदच.

विषय: आवक क्रमांक १४७ बाबत. मुद्दा एक, मी पहिलं पान वाचलं होतं, पुढची वाचली नव्हती. मुद्दा दोन, माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाची सिद्धता प्रोफेसर रागनार एकवाल यांनी पूर्ण केली, आणि ते आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. मुद्दा तीन, त्यांनी माझं काहीही चोरलं नाही. अशी पानभर लिहीत गेले. ज्यांनी पारितोषिक दिलं त्यांनाही एक पत्र लिहिलं. शेवटी तारीख घातली, सही केली आणि विभागाला एक विनंती केली: या कागदाला कृपया नंबर द्यावा, म्हणजे तो मला परत घेता येणार नाही.